सांगाव्यापासून सभेपर्यंत : शिरूर-दौंडच्या मुलखातील एक इतिहास

दलित समाजाच्या चळवळीचा इतिहास लिहिताना आपण बहुधा लढ्यांचा इतिहास लिहितो. महाडचे तळे, पुण्याची पर्वती, नाशिकचे काळाराम मंदिर ही नावे आपल्याला पाठ आहेत. परंतु प्रत्येक लढ्याच्या आधी कुठेतरी एक सभा झालेली असते, आणि तिची नोंद आपण क्वचितच ठेवतो. ती कोणी बोलावली, कोण कोण आले, कुठे बसले, आधी कोण बोलले, ठरले ते कोणी लिहून घेतले, हे प्रश्न इतिहासकाराला किरकोळ वाटतात. गावगाड्याची रचना ज्याला आतून ठाऊक आहे त्याला ते तसे वाटणार नाहीत. गावात माणसाचा दर्जा तो बैठकीत कुठे बसतो यावरून ठरत होता. जो बसूच शकत नव्हता, त्याने स्वतःची सभा बोलावणे हाच त्याचा पहिला सत्याग्रह होता. प्रस्तुत लेखात हे म्हणणे पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या आधाराने मांडायचे आहे.

घोड आणि भीमा या नद्यांच्या मधला शिरूर आणि भीमेच्या अलीकडचा दौंड हा सारा पर्जन्यछायेचा मुलूख. आजचे दौंड आणि बारामती मिळून पूर्वी भीमथडी तालुका होता. आता कालव्याचे पाणी, ऊस, साखर कारखाने, रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहती यांनी या मुलखाचे रूप पालटले आहे. परंतु ज्या काळापासून आपल्याला सुरुवात करायची आहे त्या काळी इथे बाजरी, कर्ज आणि दुष्काळ यांचेच राज्य होते.

गावकीत महाराकडे जी कामे होती त्यांत माणसे बोलावण्याचे काम मोठे होते. पाटील-कुलकर्ण्यांचा सांगावा घरोघर पोचवायचा, दवंडी द्यायची, सारा भरण्यासाठी रयतेला चावडीवर आणायचे, चावडी झाडून ठेवायची. येसकरकीची पाळी ज्या घराकडे असे ते घर वर्षभर या कामाला जुंपलेले असे. म्हणजे गावात बैठक आहे हे महाराला सर्वांच्या आधी कळत होते. त्याच्या हाकेशिवाय ती भरत नव्हती. आणि ती भरल्यावर तो हातात काठी घेऊन पायरीखाली उभा असे. शिवेचा वाद निघाला तर त्याची साक्ष घेतली जाई, कारण हद्दीच्या खुणा त्याला ठाऊक असत. साक्ष झाली की त्याने मागे सरायचे. निर्णय काय झाला हे पुन्हा त्यानेच गावभर सांगायचे. मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. माझ्या आजोबांचा आवाज दांडगा होता, असे घरी कौतुकाने सांगत. तो आवाज कोणाच्या कामासाठी घडला होता याचा उलगडा मला गावकीच्या पद्धतीचा अभ्यास करताना झाला.

आता गावकीच्या बैठकीत केवढी शक्ती होती हे पाहू. त्याचे प्रसिद्ध उदाहरण शिरूर तालुक्यातच आहे. १८७४ च्या डिसेंबरात कर्डे या गावी एका मारवाडी सावकाराने तेथील देशमुखावर हुकूमनामा मिळवला, त्याचा वाडा ताब्यात घेतला आणि तो पाडायला काढला. त्यावर गावाने एकत्र बसून सावकारावर बहिष्कार घातला. त्याचे शेत कोणी करायचे नाही, त्याच्या दुकानी कोणी जायचे नाही, बलुतेदारांनी त्याचे काम करायचे नाही. ही कल्पना गावोगाव पसरली. १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी लोकांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल केली, खते आणि रोखे बाहेर काढून जाळले, आणि पुढे शिरूर, इंदापूर, पुरंदर या भागांत तसेच प्रकार झाले. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. इतिहासाची पुस्तके याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात.

शेतकऱ्यांच्या या उठावाला कमी लेखण्याचे कारण नाही. सावकारी पाश खरा होता आणि शेतकऱ्याचा संतापही खरा होता. परंतु आपल्या दृष्टीने त्यात दुसरी एक गोष्ट दिसते. न्हावी, परीट, सुतार, लोहार, महार, मांग यांचे काम बंद करून माणसाला गावात जगणे अशक्य करता येते, हे गावाला पक्के ठाऊक होते. सावकाराच्या मागे न्यायालय होते, पोलीस होते आणि गाव सोडून जायला पैसाही होता. हेच हत्यार जेव्हा गावकीची कामे नाकारणाऱ्या महारावर उलटले तेव्हा त्याच्या मागे यांपैकी काहीही नव्हते. मेलेली ढोरे ओढणे बंद केले, सार्वजनिक पाणवठ्यावर हक्क सांगितला, की वाण्याने मीठमिरची द्यायची नाही, शेतावर काम द्यायचे नाही, रस्त्याने जाऊ द्यायचे नाही. १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिम जमातींच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सभासद होते. १९३० च्या तिच्या अहवालाने सांगितले की उघड मारहाणीपेक्षाही सामाजिक बहिष्कार अधिक भयंकर आहे, कारण तो कायद्याच्या चौकटीत बसवता येतो. बाबासाहेबांनी गोलमेज परिषदेपुढे जी संरक्षणाची योजना ठेवली तिच्यात बहिष्कार हा गुन्हा ठरवण्याची मागणी होती, आणि तिच्यासाठी त्यांनी ब्रह्मदेशातील १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेतला होता. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला तो २०१६ साली, आणि तो अंमलात आला २०१७ मध्ये. गोलमेज परिषदेपासून मोजले तर मध्ये ८५ वर्षांहून अधिक काळ गेला.

तेव्हा प्रश्न असा उभा राहतो की ज्या माणसाची भाकरी गावाच्या हातात आहे तो सभा कशी बोलावणार? याचे उत्तर गावात मिळत नाही. ते गावाबाहेर, छावणीत आणि रेल्वेच्या रुळांवर मिळते.

शिरूर म्हणजे घोडनदी ही कंपनी सरकारच्या लष्कराची जुनी छावणी. ३१ डिसेंबर १८१७ च्या संध्याकाळी कॅप्टन स्टाँटनची तुकडी पुण्याकडे निघाली ती याच छावणीतून, आणि दुसऱ्या दिवशी भीमेकाठी कोरेगावला तिची पेशव्यांच्या सैन्याशी गाठ पडली. लढाईनंतर उभारलेल्या स्तंभावरील नावांत शेवटी ‘नाक’ असलेली नावे आहेत आणि ती महार शिपायांची आहेत. पुढे शिरूरला अमेरिकन मराठी मिशनचे केंद्र झाले. ज्यांना गावच्या शाळेची पायरी बंद होती त्यांच्या मुलांना मिशनच्या शाळेत अक्षरओळख झाली. दौंड हे रेल्वेचे मोठे जंक्शन झाले. पुणे-सोलापूर मार्ग आणि मनमाडकडे जाणारा फाटा तिथे मिळतो. रेल्वेची नोकरी, लष्कराचे निवृत्तिवेतन, छावणीतील साहेबांच्या घरची चाकरी, यांत अपमान नव्हता असे नाही. परंतु तिथे पगार रोख मिळत होता आणि तो पाटलाच्या मर्जीवर अवलंबून नव्हता. अर्जावर सही करणारा पहिला हात या माणसांचा होता, हा योगायोग नाही. म्हणूनच १८९० नंतर सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली तेव्हा समाजाच्या हातून केवळ नोकरी गेली नाही, स्वतंत्रपणे उभे राहण्याचा आधार गेला. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज तयार केला तो याच कारणाने.

पुण्याच्या छावणीतून पुढे आलेले शिवराम जानबा कांबळे हे या परंपरेतले. पुण्याच्या मेसॉनिक हॉलमध्ये ते बटलर होते. १९०३ साली त्यांनी दौंडला लागून असलेल्या पुरंदर तालुक्यात, सासवड येथे, ५१ गावांच्या महारांची सभा भरवली. हा आकडा वाचून आपण पुढे जातो. थोडे थांबून त्याचा अर्थ पाहिला पाहिजे. ५१ गावांचे निरोप कोणी नेले? ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाटलाचे सांगावे पोचवले, गावोगावच्या वाटा ज्यांच्या पायाखालच्या होत्या, त्याच माणसांनी. गावकीने दिलेले कौशल्य तेच होते. निरोप मात्र आता त्यांचा स्वतःचा होता. आणि सभेला आलेला प्रत्येक जण बसला. जिथे सगळेच बसतात तिथे पायरीखाली उभे राहायला कोणी उरत नाही. सभेचा खरा ठराव हाच होता असे मला वाटते, जरी कागदावर सरकारकडे करायच्या अर्जाची मागणी लिहिली गेली.

१९०८ साली शिवराम जानबांनी ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक सुरू केले. सभेला येऊ न शकणाऱ्यांपर्यंत सभा नेण्याचा तो मार्ग होता. खंडोबाला वाहिलेल्या मुरळ्यांचा प्रश्न त्यांनी त्यात लावून धरला. १९१० मध्ये जेजुरीला दख्खनच्या महारांची परिषद झाली आणि भारतमंत्र्यांकडे अर्ज गेला. सैन्यात, पोलिसांत, सरकारी नोकरीच्या अगदी खालच्या पायरीवर तरी आम्हाला घ्या, असे त्यात म्हटले होते. आजच्या वाचकाला हा अर्ज फार नम्र वाटेल. त्याची भाषा नम्र आहे हे खरे, पण अर्ज करण्याची कृती नम्र नव्हती. मधल्या पाटलाला, मामलेदाराला ओलांडून थेट इंग्लंडमधील मंत्र्याला लिहिणारा माणूस गावगाड्याच्या बाहेर पाऊल टाकून उभा होता.

कोरेगावच्या स्तंभाजवळ वार्षिक सभा भरवण्याचा पुढाकारही शिवराम जानबांचाच. स्तंभ नदीच्या पुण्याकडील काठावर, पेरणे गावच्या हद्दीत, म्हणजे हवेली तालुक्यात आहे. लढाई झाली ते कोरेगाव मात्र शिरूर तालुक्यात आहे. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथील सभेला आले. त्यानंतर अडीच-तीन महिन्यांनी, १९ आणि २० मार्च १९२७ रोजी, महाडची परिषद झाली आणि चवदार तळ्याचे पाणी लोकांनी ओंजळीत घेतले. या दोन घटनांना एका दोरीत ओवण्याचा मोह टाळला, तरी एवढे निश्चित म्हणता येते की १९२७ हे वर्ष सभांनी उगवले. इतिहासाचा अभ्यासक म्हणून हेही सांगितले पाहिजे की कोरेगावची लढाई कंपनीच्या सैन्याची होती आणि त्या सैन्यात अनेक जातींचे शिपाई होते. स्तंभ उभारला इंग्रजांनी, स्वतःच्या विजयासाठी. त्याला आत्मसन्मानाचे ठिकाण बनवले ते तिथे दरवर्षी जमणाऱ्या लोकांनी. स्मारकाला अर्थ दगड देत नाही, सभा देते. गावकीची परवानगी न मागता, कुठल्याही देवाच्या जत्रेचे निमित्त न करता, हजारो माणसे एका जागी बसू शकतात, हे या मुलखाने तिथे पाहिले. १ जानेवारी २०१८ रोजी, लढाईला २०० वर्षे होताना, याच परिसरात हिंसाचार झाला, एका तरुणाचा बळी गेला आणि चौकशी आयोग नेमावा लागला. त्या घटनेचे राजकारण पुष्कळ झाले. पण एकत्र बसण्याचा हक्क अजून निर्विवाद झालेला नाही, ही त्यातली मूळ गोष्ट आहे.

सभा भरू लागल्या तरी वतन शिल्लक होते. वतनाची जमीन तुटपुंजी, पण तिच्यापायी सारे घर गावचे चाकर. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. तेव्हा वतन सोडावे की धरावे यावर खुद्द महारवाड्यांत वाद झाले, आणि ते स्वाभाविक होते, कारण एका बाजूला मान होता आणि दुसऱ्या बाजूला जमिनीचा तुकडा. अखेर १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली. जमिनी मूळ वतनदारांना परत मिळाल्या त्या नव्या शर्तीने, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या. ‘वर्ग सहा ब’ हे तलाठ्याच्या दप्तरातील शब्द आजही शेकडो घरांचे भवितव्य ठरवतात. गावोगावच्या कार्यकर्त्याकडे आजही सर्वांत जास्त माणसे येतात ती याच कागदांसाठी. रस्ते रुंद झाले, कारखाने आले, जमिनीला भाव आला, आणि ज्या तुकड्याकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते त्याच्यावर सर्वांची नजर गेली. फेरफार वाचता येणे ही अशा वेळी स्वसंरक्षणाची विद्या ठरते.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर सभेला तिची स्वतःची जागा मिळाली. विहार आणि समाजमंदिर ही केवळ वंदनेची ठिकाणे राहिली नाहीत. वर्गणीचा हिशोब, मुलांची अभ्यासिका, अत्याचाराच्या प्रसंगी तक्रार कोणी द्यायची याचा निर्णय, हे सारे तिथेच होऊ लागले. १९७२ साली दलित पँथरने शहरातील तरुणाला रस्त्यावर आणले. त्याच वर्षाच्या दुष्काळात बाबा आढावांनी पुण्यातून ‘एक गाव, एक पाणवठा’ ही चळवळ सुरू केली. तिने गावाला एकच साधा प्रश्न विचारला की पाणी कुठे भरता, आणि त्याचे उत्तर गावाला सर्वांसमोर द्यावे लागले. सभेचे सामर्थ्य हेच असते. घरात झाकून ठेवलेली गोष्ट चारचौघांत सांगणे भाग पडते.

आता वर्तमानाकडे येऊ. कायद्याने आज चावडीची जागा ग्रामसभेने घेतली आहे. गावाचा प्रत्येक मतदार तिचा सभासद आहे. वर्षातून किमान चार ग्रामसभा झाल्या पाहिजेत, नियमित सभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा झाली पाहिजे, आणि गणपूर्तीसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसे हजर हवीत. ज्याचा आजोबा पायरीखाली उभा होता त्याला आज उठून प्रश्न विचारण्याचा हक्क आहे. परंतु ग्रामसभेला जाणाऱ्या कोणालाही विचारा. गणपूर्ती न झाल्याने सभा तहकूब होते, तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, आणि मग मोजक्या माणसांत ठराव होतात. प्रोसिडिंगची वही नंतर भरली जाते. राखीव जागेवर निवडून आलेली आपली भगिनी सरपंच असते आणि तिच्या शेजारी दुसराच कोणी बोलत असतो. पायरी पुसली गेली, तरी पायरीखालची जागा पुष्कळांच्या मनात अजून शाबूत आहे. ही जागा पुसण्याचे काम कायदा एकटा करू शकत नाही.

आणि दोष सारा बाहेरच आहे असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. आपल्या स्वतःच्या सभांचे काय झाले आहे? व्यासपीठ उंच झाले, हारतुरे वाढले, आणि श्रोत्याला शेवटी दोन शब्द बोलायला वेळ उरत नाही. वर्षातून १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर या दोन दिवशी जमणारी माणसे मधल्या काळात पांगलेली असतात. आपल्या वस्तीच्या सभेला मातंगवस्तीचा माणूस बोलावला जातो का, नदीकाठी पाल ठोकून राहिलेल्या भटक्या कुटुंबाला निरोप जातो का, उसाच्या फडावरच्या बाईला संध्याकाळी सात वाजता सभेला येणे शक्य आहे का, हे प्रश्न आपण विचारले पाहिजेत. आंबेडकरी चळवळीत स्त्रिया पहिल्यापासून होत्या. महाडला त्या होत्या, आणि १९४२ साली नागपूरला त्यांची स्वतंत्र परिषद झाली. असे असता गावच्या बैठकीत त्या मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या दिसतात, याला परंपरा हे उत्तर होऊ शकत नाही. कोणाला तरी पायरीखाली ठेवून भरलेली बैठक म्हणजे गावकीच, मग ती कोणाच्याही वस्तीत भरो.

माझे विद्यार्थी विचारतात, सर, सभेला जाऊन काय होते? हा प्रश्न प्रामाणिक आहे. भाषणे मोबाइलवर ऐकता येतात. मी त्यांना सांगतो की भाषण ऐकायला जाऊ नका, बसायला जा. पहिल्या सभेत सतरंजी अंथरा, दुसऱ्या सभेत नावे लिहून घ्या, तिसऱ्या सभेत एक प्रश्न विचारा. कार्यकर्ता असाच घडतो. मोठ्या नेत्याच्या शेजारी छायाचित्र काढून तो घडत नाही. ग्रामसभेची नोटीस वाचा, ठराव तुमच्या देखत लिहायला लावा, त्याची नक्कल मागा. हे काम नीरस आहे हे मला मान्य आहे. सासवडच्या सभेसाठी ५१ गावे पायी फिरणेही नीरसच असले पाहिजे.

यातून एक काम आपल्या पिढीवर येते, आणि ते विशेषतः शिक्षक आणि विद्यार्थ्यांचे आहे. १८७५ च्या बैठका आपल्याला कळतात, कारण सरकारी आयोगाने त्या लिहून ठेवल्या. सासवड आणि जेजुरी कळतात, कारण तिथून अर्ज निघाले आणि अर्ज दप्तरी राहिले. परंतु शिरूर आणि दौंडच्या वस्त्यांत, रेल्वेच्या चाळींत, विहारांच्या ओट्यांवर झालेल्या असंख्य सभा कुठल्याच दप्तरात नाहीत. त्यांचे कागद आहेत ते पत्र्याच्या पेट्यांत. वर्गणीच्या वह्या, जयंतीची हँडबिले, तहसीलदाराला दिलेल्या निवेदनांच्या पोचपावत्या, एखाद्या म्हाताऱ्या बाईच्या तोंडची गीते. यांतले किती पावसात भिजले, किती रद्दीत गेले याची गणती नाही. प्रत्येक महाविद्यालयाच्या इतिहास विभागाने आपापल्या परिसरातील वीस वह्या जरी गोळा केल्या, वीस वृद्धांच्या आठवणी लिहून घेतल्या, तरी या मुलखाचा इतिहास वेगळा दिसू लागेल.

ते करायचे तर आजपासूनच्या सभांपासून आरंभ केला पाहिजे. यापुढे आपल्या वस्तीत जी बैठक होईल तिची तारीख, हजर असलेल्यांची नावे, झालेला निर्णय आणि विरोधात बोललेल्यांचे म्हणणे एका वहीत नोंदवावे, आणि ती वही लिहिण्याची पाळी दर वेळी नव्या माणसाकडे द्यावी, स्त्रियांकडे आवर्जून द्यावी. पाळीने येसकरकी करणाऱ्या समाजाला पाळीची पद्धत नवी नाही. आता ती लेखणीची पाळी व्हावी.